लिनक्सच्या संगणकावर काय ठेवावे?

घरातला संगणक जुना झाला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लाकडी कपाट जुने होते तेव्हा त्याची फळी वाकते, बिजागरी निखळते. ते डोळ्यांना दिसते. संगणकाची गोष्ट निराळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या आपल्या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांस तिने आणखी एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली, हे खरे. परंतु निकाल लागला तो लागलाच. त्या दिवशी कोणाच्याही यंत्राचा एक खिळासुद्धा ढिला झालेला नव्हता. पुढची विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसरही साधारणपणे २०१७ च्या उत्तरार्धानंतर बाजारात आलेला लागतो. म्हणजे आठनऊ वर्षांपूर्वी पदरमोड करून घेतलेले, आजही खणखणीत चालणारे यंत्र केवळ कागदोपत्री म्हातारे ठरले. ते भंगारात द्यावे, की धोका पत्करून तसेच चालवावे, ह्या पेचात सापडलेल्या माणसाच्या कानावर ‘लिनक्स’ हा शब्द येतो, आणि त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो: त्यावर आमचे नेहमीचे काम होईल काय? आणि मुले विचारतात, त्यावर खेळ चालतील काय? ह्या दोन प्रश्नांचा विचार आज आम्ही करणार आहोत.

लिनक्सचा इतिहास थोडक्यात सांगितला तरी पुरे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली असा संकल्प सोडला की, जिचे अंतरंग कोणीही पाहावे, सुधारावे आणि शेजाऱ्यास द्यावे, अशी एक संपूर्ण कार्यप्रणाली तयार करावयाची. तिची बहुतेक अवजारे तयार झाली. गाभा मात्र अपुरा राहिला. तो गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. दोहोंची सांगड बसली आणि आज आपण ज्यास ढोबळपणे लिनक्स म्हणतो ते अस्तित्वात आले. इंग्रजीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ ह्या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे त्या मंडळींस आपले म्हणणे पुनःपुन्हा समजावून सांगावे लागते. मराठीला ती अडचण नाही. लिनक्स बहुधा फुकट मिळते. परंतु त्याचे महत्त्व ते मुक्त असण्यात आहे. हा भेद पुढे खेळांच्या विचारात आपल्या उपयोगी पडणार आहे.

गाभा एक असला तरी त्याभोवती रचलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांना वितरणे म्हणतात. १९९३ पासून चालत आलेले डेबियन, २००४ साली निघालेले उबुंटू, २००६ साली निघालेले मिंट, ही त्यांतली काही नावे. कोणते सर्वांत चांगले, ह्यावर जाणकार लोक रात्र रात्र वाद घालतात. नवख्याने त्या वादात पडू नये. आमचे मत विचाराल तर विंडोजची सवय असलेल्या माणसाने मिंटपासून आरंभ करावा. पडद्याच्या तळाशी पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, सारे ओळखीचे असते. यंत्रात २ जीबी मेमरी असली तरी ते चालते आणि ४ जीबी असली तर सुखाने चालते, असे ते तयार करणाऱ्यांचेच सांगणे आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, मेमरी खाते ती कार्यप्रणाली नव्हे, ब्राउझर खातो. वीस पाने एकदम उघडी ठेवणाऱ्याला ४ जीबी कोणत्याही प्रणालीत पुरणार नाही. उलट, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली तर जुन्या यंत्राच्या वेगात जो फरक पडतो, तो पाहून पुष्कळांना नवे यंत्र घेतल्याचा भास होतो.

आता एक गोष्ट अशी की, हे सारे करून पाहण्यास काहीच मोडावे लागत नाही. मिंटची फाइल पेन ड्राइव्हवर चढवून संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. ह्या अवस्थेत वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, आणि विशेषेकरून प्रिंटरवर एक पान छापून निघते का, हे पाहून घ्यावे. प्रिंटरची परीक्षा अवश्य घ्यावी, कारण घरोघरी बिघाड होतो तो तेथेच. सारे जमले तर पुढे जावे. न जमले तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, संगणक होता तसा आहे.

रोजच्या आज्ञावली निवडताना नवखा माणूस विचारतो, “अमुक आज्ञावली लिनक्सवर मिळते का?” हा प्रश्नच थोडा बदलून विचारला पाहिजे. “मला अमुक काम करावयाचे आहे, ते कशाने होईल?” असे विचारले की उत्तर सापडते. पत्र लिहावयाचे आहे, सोसायटीचा हिशेब मांडावयाचा आहे, लग्नातले छायाचित्र थोडे उजळावयाचे आहे, गाणे ऐकावयाचे आहे. ह्यांपैकी बऱ्याच गोष्टींसाठी काही शोधावेही लागत नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर मिंटसारख्या वितरणात आधीच बसवलेला असतो. चित्रपट आणि गाणी ह्यांसाठी व्हीएलसी आहे. पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून ते निघाले आणि कसलीही फाइल मुकाट्याने वाजवणारे म्हणून त्याची ख्याती आहे. ह्यांच्याविषयी अधिक काय सांगावे?

लिहिण्याच्या आणि हिशेबाच्या कामाला मात्र थोडे थांबले पाहिजे. तेथे लिब्रेऑफिस घ्यावे. त्याची कुळकथा बोधप्रद आहे. जर्मनीतल्या मार्को ब्योरीस ह्या मुलाने १९८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, स्टारऑफिस नावाची आज्ञावली करण्यासाठी कंपनी काढली. १९९९ साली ती सन ह्या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी आज्ञावलीचे अंतरंग सर्वांना खुले केले. २०१० साली सन कंपनी ओरॅकलने घेतली. नव्या मालकाच्या हाती ह्या कामाचे काय होईल, अशी शंका काम करणाऱ्या मंडळींना आली. त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात खुल्या अंतरंगाची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली, तेच लिब्रेऑफिस. मालक बदलला म्हणून काम थांबले नाही, कारण मूळ मजकूर कोणा एकाच्या कुलपात नव्हता. मुक्त असणे म्हणजे काय, ते ह्या एका उदाहरणात दिसते.

लिब्रेऑफिस वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइली उघडते, हे खरे. परंतु त्या तंतोतंत तशाच दिसतील, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. बिघडतो तो बहुधा फॉन्टमुळे. मूळ पत्र कॅलिब्री अक्षरात असले आणि आपल्याकडे ते नसले तर ओळी सरकतात, एका पानाचे पत्र सव्वा पानाचे होते. ह्यावर उपाय आहे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, केंब्रियाच्या मापाचा कॅलाडिया आणि टाइम्सच्या मापाचा लिबरेशन सेरिफ असे मुक्त फॉन्ट आहेत. ते बसवले म्हणजे ओळी जागेवर राहतात. छापखान्यात किंवा कचेरीत कागद पाठवावयाचा असेल तर तो पीडीएफ करून पाठवावा. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून ज्यांनी मोठमोठी कोष्टके चालवली आहेत, त्यांनी मात्र आपली फाइल आधी उघडून पाहावी. तेथे अडचण येण्याचा संभव आहे. स्वतःचे लेखन साठवताना ओडीटी ह्या स्वरूपात साठवणे शहाणपणाचे. त्याची रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून सर्वांना खुली आहे, आणि वीस वर्षांनी ती फाइल उघडण्यास कोणाची परवानगी लागू नये हाच त्यातला हेतू आहे.

ह्या ठिकाणी मराठी माणसाचा एक खास प्रश्न उभा राहतो आणि त्यावर थोडे विस्ताराने बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टंकलेखन चाले ते एका युक्तीने. संगणकाला इंग्रजी अक्षरेच ठाऊक होती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट तयार झाले. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फाइलमध्ये नोंद असे ती कुठल्यातरी रोमन अक्षराची किंवा चिन्हाची. प्रत्येक उत्पादकाची खुर्च्यांची मांडणी निराळी. त्या काळात ह्या युक्तीने मराठी मुद्रणाची मोठी सोय केली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची हस्तलिखिते, कोणाच्या आजोबांनी टंकून घेतलेल्या आठवणी, हे सारे आज तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांचा खच होऊन बसते. पुष्कळांस वाटते की, लिनक्सने आमचे मराठी बिघडवले. बिघडवले नाही, आतून ते मराठी कधी नव्हतेच, हे लिनक्सने उघडे केले, इतकेच. असा मजकूर जोपर्यंत जुना संगणक चालू आहे तोपर्यंत युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे आणि रफार ह्यांत चुका राहतात. ज्यांची छापील प्रतच तेवढी उरली आहे, त्यांच्यासाठी टेसरॅक्ट नावाची मुक्त आज्ञावली आहे. स्कॅन केलेल्या पानातली अक्षरे ती वाचते आणि तिला मराठीही शिकवलेली आहे. पान स्वच्छ असेल तर पुष्कळसा मजकूर बरोबर येतो. जुन्या शिळाप्रेसच्या पुस्तकाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये.

नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. लिनक्समध्ये त्यासाठी कोणतीही आज्ञावली विकत घ्यावी लागत नाही. भाषेच्या मांडणीत मराठी निवडले की कीबोर्ड मिळतो. इंग्रजी उच्चारावरून टंकणारे पर्यायही आहेत. आम्ही मात्र इनस्क्रिप्टचा पुरस्कार करतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आखलेली ही मांडणी आहे: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि तीच जागा बंगालीला, तमिळला, कानडीला. आठवडाभर बोटे अडखळतात, मग ती आपोआप जातात. तिच्यात ‘ऱ’ ला स्वतंत्र जागा आहे, हा मराठीला मोठाच लाभ आहे. सभेच्या वृत्तांतात ‘आचार्यांना मानधन दिले’ लिहावयाचे की ‘आचाऱ्यांना मानधन दिले’, हा फरक त्या एका कळीवर अवलंबून असतो, आणि दोन्ही वर्ग मानधनाच्या बाबतीत हळवे असतात.

चित्रांच्या कामासाठी गिम्प आहे. अमेरिकेत बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी ते आरंभले आणि १९९६ साली ते लोकांपुढे आले. लिनक्सचा तो सुप्रसिद्ध गुबगुबीत पेंग्विन त्याच वर्षी लॅरी ईविंग ह्यांनी गिम्पमध्येच रंगवला. छायाचित्र कापणे, उजळणे, डाग काढणे ह्यांस ते भरपूर आहे. ज्याचे पोट फोटोशॉपवर आहे आणि ज्याला रंगीत छपाईच्या चार शाईंचा हिशेब रोज करावा लागतो, त्याला मात्र ते अपुरे पडेल. त्याने हौसेखातर धंदा अडवून ठेवू नये. तीच गोष्ट व्यापाऱ्याची. आपल्याकडील दुकानदारांचे हिशेब टॅलीवर चालतात आणि टॅली विंडोजसाठी केलेली आहे. घरखर्चाला ग्नूकॅश चांगले आहे. पण ज्याचा मुनीम आणि ज्याचा सीए दोघेही टॅलीच मागतात, त्याने दुकानातला संगणक तसाच ठेवून घरच्या संगणकावर लिनक्स घ्यावे.

हे सारे आणावयाचे कोठून? विंडोजची सवय अशी की, इंटरनेटवर शोधावे, मिळेल तेथून फाइल उतरवावी आणि तिच्यावर दोनदा क्लिक करावे. लिनक्समध्ये ही सवय सोडावी. प्रत्येक वितरणाचे स्वतःचे कोठार असते. तेथील आज्ञावली तपासून, त्यावर अंकीय सही करून ठेवलेल्या असतात आणि सर्वांची सुधारणा एकाच ठिकाणाहून होते. कोठारात असलेली आवृत्ती जुनी वाटल्यास फ्लॅटपॅक हा दुसरा मार्ग आहे. त्याने जागा अधिक व्यापते, पण आज्ञावली ताजी मिळते. तथापि कोठार म्हटले की डोळे मिटावेत असेही नाही. २०२४ च्या आरंभी उबुंटूच्या स्नॅप दुकानात बिटकॉइनचे नकली पाकीट कोणी ठेवले आणि एका गृहस्थाची नऊ बिटकॉइन त्यात गेली. पैशाशी संबंध असलेली कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी ती कोणी ठेवली आहे हे वाचावे.

आता खेळ. लिनक्सवर खेळ नाहीत, हा समज दहा वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरा होता, आज नाही. खेळांचे दोन वर्ग करून विचार केला पाहिजे: मुक्त खेळ आणि विकतचे खेळ.

मुक्त खेळांत आम्ही पहिला मान ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ ह्यास देतो. डेव्हिड व्हाइट ह्यांनी २००३ साली तो आरंभला. षट्कोनी घरांच्या पटावर आळीपाळीने सैन्य हलवावयाचे. घाई नाही, हात चलाख असण्याची गरज नाही. गंमत अशी की, पटावर दिवस आणि रात्र फिरत असतात. काही योद्धे उजेडात बळावतात, काही अंधारात. त्यामुळे केव्हा चाल करावी आणि केव्हा माघार घ्यावी हा विचार करावा लागतो. जुन्यातल्या जुन्या यंत्रावर तो चालतो. ज्यांना राज्यविस्ताराची हौस आहे, त्यांच्यासाठी डेन्मार्कमधील तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले फ्रीसिव्ह आहे. रविवार कोठे गेला हे त्यात कळत नाही, एवढा इशारा देऊन ठेवतो. ‘झिरो एडी’ हा प्राचीन साम्राज्यांचा खेळ डोळ्यांना अधिक सुंदर. त्यात रोम, कार्थेज, इराण ह्यांच्या जोडीला आपले मौर्यही आहेत, आणि त्यांना ओझी वाहणारे हत्ती दिलेले आहेत. त्याला ग्राफिक्सची ताकद मात्र बऱ्यापैकी लागते. पत्त्यांचा डाव मांडून बसणाऱ्यांसाठी आयलरायट आहे. त्यात एकट्याने खेळण्याचे ऐंशीहून अधिक डाव आहेत.

लहान मुलांसाठी दोन नावे लक्षात ठेवावीत. टक्स पेंट हा २००२ पासूनचा चित्रफलक. मोठी बटणे, मजेदार आवाज, आणि मूल काहीही दाबो, काही बिघडत नाही. दुसरे जीकॉम्प्री, नावाचा फ्रेंच उच्चार ‘मला समजले’ ह्या वाक्यावर बेतलेला आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी अक्षरे, अंक, घड्याळ, नकाशे असे शंभराहून अधिक उपक्रम त्यात आहेत. दोहोंत जाहिरात नाही, आणि पुढची पायरी उघडण्यासाठी पैसे मागणारी पेटी नाही. पालकांनी हा गुण हलका समजू नये. भ्रमणध्वनीवरील फुकट म्हणविणारे खेळ मुलाला क्षणोक्षणी खरेदीकडे ढकलत असतात. फुकट आणि मुक्त ह्यांतला जो भेद आरंभी सांगितला, तो येथे पाच वर्षांच्या मुलालाही जाणवतो.

बुद्धिबळाविषयी दोन शब्द. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या मुलीच्याही पुढे पट मांडावा असे कित्येक पालकांच्या मनात आले असेल. स्टॉकफिश हे जगातील अत्यंत बलाढ्य बुद्धिबळ-यंत्र मुक्त आहे आणि लिनक्सच्या कोठारात फुकट मिळते. एका नॉर्वेजियनाच्या कामावर एका इटालियनाने ते उभारले. सुक्या माशाचे नाव दिले ते ‘नॉर्वेत निपजलेले, इटलीत शिजवलेले’ ह्या थट्टेवरून. मोठमोठे खेळाडू सरावासाठी जे वापरतात तेच गल्लीतल्या मुलालाही मिळते. फक्त त्याच्याशी पूर्ण ताकदीने खेळू नये, मन खचते; ताकद कमी करून खेळावे आणि डाव संपल्यावर आपल्या चुका त्याला विचाराव्यात.

विकतचे खेळ बहुतांशी विंडोजसाठी लिहिलेले असतात. ते लिनक्सवर चालवण्यासाठी १९९३ पासून वाइन नावाचे काम चालले आहे. वाइन म्हणजे दुभाषी. खेळ विंडोजच्या भाषेत मागणी करतो, “मला एक खिडकी उघडून दे”; दुभाषी ती लिनक्सच्या भाषेत सांगतो. त्याची पहिली पक्की आवृत्ती यावयास पंधरा वर्षे लागली, ती २००८ साली आली. पुढे स्टीम ह्या खेळांच्या दुकानाची मालक असलेल्या व्हॉल्व कंपनीने ह्या कामात पैसा घातला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन नावाने सुधारलेला दुभाषी आपल्या दुकानातच बसवला. २०२२ साली तिने लिनक्सवर चालणारे हातातले खेळयंत्र विकावयास काढले, तेव्हापासून खेळ तयार करणाऱ्यांनाही इकडे पाहणे भाग पडले. आज स्टीमवर विकत घेतलेल्या खेळांपैकी पुष्कळसे एक बटण दाबून लिनक्सवर चालतात. विंडोजवर असताना घेतलेले खेळही त्याच खात्यावर मिळतात. पुन्हा पैसे पडत नाहीत.

परंतु एक भिंत अजून उभी आहे. अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळावयाच्या खेळांत लबाडी रोखण्यासाठी एक पहारेकरी बसवलेला असतो, आणि काही खेळांत तो थेट कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरून बसतो. विंडोजच्या गाभ्यासाठी केलेल्या ह्या पहारेकऱ्याला दुभाषी उपयोगी पडत नाही. म्हणून व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत, आणि एपेक्स लीजंड्स चालत असे, तो २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने लिनक्सवाल्यांना बंद केला. घरातला मुलगा ह्यांपैकीच एखादा खेळ मित्रांबरोबर रोज खेळत असेल, तर वडिलांनी त्याला न विचारता यंत्र बदलू नये. घरात जो कलह होईल त्याला लिनक्सवर औषध नाही. आधी त्याच्याकडून आवडत्या खेळांची यादी घ्यावी आणि एकेक नाव तपासावे.

यादी जुळली नाही तरी दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदू शकतात. त्यासाठी आहे त्याच डिस्कचे दोन भाग करता येतात. पण नवख्याने दुसरी स्वस्तशी एसएसडी आणून लिनक्स तिच्यावर बसवावे आणि बसवतेवेळी पहिली डिस्क काढून बाजूला ठेवावी. छायाचित्रे, पत्रे आणि हिशेब ह्यांची प्रत त्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती नुसती घेऊन न थांबता दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी.